1934: केवळ तीन मृत्यूंचे वर्ष नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश संगीताच्या वाटचालीवर जो लेख आला, त्याबद्दल प्रथम आभार. मराठी वृत्तपत्रांत पाश्चात्त्य अभिजात संगीताला जागा मिळते ती बहुधा मोझार्ट आणि बीथोव्हेन यांच्या जयंती-पुण्यतिथीपुरती. इंग्लंडमध्येही कोणी स्वतःचे संगीत रचत होते, याची दखल क्वचितच घेतली जाते. मात्र त्या लेखात 1934 हे वर्ष एका परिच्छेदात आटोपले आहे, आणि ते ज्या रीतीने सगळीकडे आटोपले जाते त्याच रीतीने: तीन थोर इंग्रज संगीतकारांपैकी फेब्रुवारीत एल्गार गेले, मे महिन्यात होल्स्ट गेले, जूनमध्ये डीलियस गेले आणि इंग्रजी संगीत पोरके झाले. तारखा बरोबर आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. त्या वर्षी ब्रिटिश संगीताचा आश्रयदाता बदलत होता, महोत्सवांच्या समित्यांची जागा बीबीसी ही रेडिओ संस्था घेत होती, हे त्या वर्षाचे खरे महत्त्व आहे आणि तीन मृत्युलेख शेजारी शेजारी छापले की नेमके तेच झाकले जाते, असे माझे मत आहे.

आधी त्या तिघांविषयी. सर एडवर्ड एल्गार 23 फेब्रुवारी 1934 रोजी वुस्टर येथे वारले, तेव्हा ते 76 वर्षांचे होते. 1919 चा चेलो कन्चेर्तो (चेलो हे तंतुवाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) आणि त्यानंतरच्या वर्षी झालेला पत्नीचा मृत्यू, यानंतर त्यांच्या हातून त्या तोलाची रचना झाली नव्हती. फ्रेडरिक डीलियस जन्माने ब्रॅडफर्डचे, घराणे जर्मन लोकरव्यापाऱ्यांचे. पण 1897 पासून ते फ्रान्समधील ग्रे-स्यूर-ल्वॅं या गावी राहत होते. शेवटच्या वर्षांत ते अंध आणि अंगाने लुळे झाले होते, आणि एरिक फेन्बी नावाचा यॉर्कशायरचा तरुण 1928 पासून त्यांच्यापाशी बसून, ते तोंडाने सांगतील तसतसे एकेक सूर कागदावर उतरवून घेत होता. 10 जूनला ते गेले, तेव्हा त्यांचे वय 72 होते. या दोघांचे कार्य पुरे होत आले होते, असे म्हणण्यात अनादर नाही. गुस्ताव होल्स्ट यांची गोष्ट वेगळी. ते 59 वर्षांचे होते, हॅमरस्मिथच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये 1905 पासून शिकवत होते, एका नव्या सिंफनीचा (वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या मोठ्या रचनेचा) एक भाग लिहून हातावेगळा करत होते. त्यांच्यापुढे डॉक्टरांनी दोन पर्याय ठेवले होते: छोटी शस्त्रक्रिया करून पुढे जपून, बंधनात जगायचे, किंवा मोठ्या शस्त्रक्रियेचा धोका पत्करायचा. त्यांनी दुसरा पर्याय निवडला आणि शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांनी, 25 मे रोजी, हृदय थकून ते गेले. अवेळी असा मृत्यू तिघांत हा एकच, आणि तिघांत सर्वांत कमी ओळींत उल्लेख होतो तोही त्यांचाच. त्याकडे मी पुढे वळणारच आहे.

आता आश्रयदात्याविषयी. त्या वर्षाच्या 22 जानेवारीची एक घटना सांगतो. एल्गार कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. ग्रामोफोन कंपनीच्या मंडळींनी त्यांच्या वुस्टरच्या घरापासून लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओपर्यंत टपाल खात्याच्या टेलिफोनच्या तारांवरून जोडणी करून घेतली. खाटेजवळ ध्वनिक्षेपक आणि कर्णा ठेवला. स्टुडिओत लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा बसली होती, संचालनाला लॉरन्स कॉलिंगवुड होते, आणि एल्गार आपल्याच जुन्या 'कॅरॅक्टेकस' या रचनेतील दोन तुकडे खाटेवरून ऐकत, लयीबद्दल सूचना देत होते. वादकांना त्यांचा आवाज ऐकू येत होता, चेहरा दिसत नव्हता. ही सारी व्यवस्था ज्यांच्या पुढाकाराने झाली ते फ्रेड गाइसबर्ग म्हणजे 1902 साली कलकत्त्यात येऊन गोहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरवून घेणारे गृहस्थ, हे आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांना सांगायला नको. एल्गार यांनी हे यंत्रयुग नाखुशीने स्वीकारले नव्हते. 1931 च्या नोव्हेंबरमध्ये याच ॲबी रोड स्टुडिओचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले होते, आणि त्यांच्या मृत्यूमुळे अपुरी राहिलेली तिसरी सिंफनी ही तर बीबीसीने मोबदला देऊन करवून घ्यायला घेतलेली रचना होती. तिच्या टिपणांवरून अँथनी पेन यांनी पुढे तिला उभे केले आणि ती 1998 साली जाहीरपणे वाजली. वाजवली तीही बीबीसीच्याच वाद्यवृंदाने.

ज्या दिवशी सकाळी एल्गार गेले, त्याच दिवशी बीबीसीने समकालीन संगीताच्या कार्यक्रमात 'अ बॉय वॉज बॉर्न' ही गायकवृंदासाठीची रचना प्रथमच प्रक्षेपित केली. रचनाकार होते बेंजामिन ब्रिटन, वय 20 वर्षे. योगायोगांना अर्थ चिकटवण्याची मला हौस नाही, आणि या योगायोगाचा उपयोग पुष्कळांनी 'सूर्य मावळला, सूर्य उगवला' अशा थाटात करून झालेला आहे. माझे लक्ष वेधते ते एवढ्याकडेच, की विशीतल्या, फारसे नाव नसलेल्या मुलाची लांब आणि अवघड रचना गाण्यासाठी गायकवृंद, तालमीचा वेळ आणि देशभरचा श्रोता, हे तिन्ही एका संस्थेकडे होते. एल्गार यांच्या तरुणपणी अशा मुलाला प्रांतोप्रांतीच्या संगीत महोत्सवांच्या समित्यांकडे आर्जवे करावी लागत. एल्गार यांनीही ती केली होती.

तीन आठवड्यांनी, 14 मार्चला, ॲड्रियन बोल्ट यांनी बीबीसीचा वाद्यवृंद घेऊन क्वीन्स हॉलमध्ये आल्बान बेर्ग या आधुनिक ऑस्ट्रियन संगीतकाराचा 'वॉत्सेक' हा ऑपेरा मैफलीच्या स्वरूपात संपूर्ण सादर केला. वाद्यवृंदाची स्थापना होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. हाच ऑपेरा लंडनच्या कॉव्हेंट गार्डनच्या रंगभूमीवर यायला 1952 साल उजाडावे लागले. तिकीटविक्रीवर चालणाऱ्या नाट्यगृहाला जे अठरा वर्षे परवडले नाही, ते दहा शिलिंगांच्या रेडिओ परवान्यावर चालणाऱ्या संस्थेला परवडले; आणि तो परवाना काढणाऱ्यांपैकी बहुतेकांना खरे तर संध्याकाळी लागणारा हेन्री हॉल यांचा नाचाचा बँड हवा होता, हेही येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. नाचाच्या बँडच्या श्रोत्याने बेर्गचा खर्च भागवला. आपल्याकडच्या आकाशवाणीच्या संगीत सभांचे अर्थकारण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

एल्गार यांच्या निधनाने राजदरबारच्या संगीतप्रमुखाचे मानाचे पद मोकळे झाले, ते वॉल्फर्ड डेव्हिस यांना मिळाले. रचनाकार म्हणून ते एल्गार यांच्या जवळपासही फिरकत नव्हते. पण सामान्य श्रोत्याला संगीत समजावून सांगणारा रेडिओवरचा आवाज म्हणून ते घराघरांत माहीत होते. दरबाराची ही निवड आपल्या लेखात यायला हवी होती, कारण 1934 मध्ये सत्ता कोणीकडे सरकली होती हे तीन मृत्यूंपेक्षा तिच्यातून अधिक स्वच्छ दिसते.

या माझ्या म्हणण्याला एक ठळक अपवाद आहे आणि तो मी लपवत नाही. होल्स्ट गेल्यावर तिसऱ्याच दिवशी, 28 मे रोजी, ससेक्समधील ग्लाइंडबोर्न येथे जॉन क्रिस्टी या जमीनदाराने आपल्या घराला लागून बांधलेल्या सुमारे 300 आसनांच्या नाट्यगृहात मोझार्टच्या 'फिगारो'ने पहिला ऑपेरा महोत्सव सुरू झाला. यात बीबीसीचा हात नव्हता. पैसा क्रिस्टी यांचा, सुझानाची भूमिका त्यांच्या पत्नी ऑड्री मिल्डमे यांची, आणि प्रेक्षक लंडनहून भर दुपारी संध्याकाळचा उंची पोशाख चढवून आगगाडीने येणारे. पण तेथे जो दर्जा लाभला तो जर्मनीच्या कृपेने, किंवा अधिक नेमके सांगायचे तर जर्मनीच्या अवकृपेने. वाद्यवृंदाचे संचालक फ्रिट्झ बुश यांना नाझींनी आदल्या वर्षी ड्रेस्डेनच्या ऑपेरातून हुसकावले होते, आणि दिग्दर्शक कार्ल एबर्ट यांनीही नाझी राजवटीमुळे देश सोडला होता. इंग्लंडातला सर्वांत इंग्रजी थाटाचा संगीत महोत्सव निर्वासितांनी उभा केला, हे वाचकांना सांगण्यासारखे होते. हौशी श्रीमंताचा छंद म्हणून त्याची टिंगल करणाऱ्यांना पुढे तबकड्या ऐकून गप्प बसावे लागले.

वर्ष संपता संपता, 3 डिसेंबरला, लंडनने एक विचित्र प्रकार पाहिला. विल्यम वॉल्टन यांची पहिली सिंफनी जाहीर झाली होती, पण शेवटचा भाग काही केल्या सुचेना. तेव्हा हॅमिल्टन हार्टी यांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून पहिले तीनच भाग वाजवून घेतले. चौथा भाग जोडून ती पूर्ण रूपात वाजली ती 1935 च्या नोव्हेंबरमध्ये. अपुरी सिंफनी मेलेल्या संगीतकाराची असेल तर श्रोते हळहळतात. जिवंत संगीतकाराची अपुरी सिंफनी ऐकायला लोक तिकीट काढून येतात, याचा अर्थ त्या समाजाला पुढे काय येणार याची उत्सुकता आहे. पोरक्या झालेल्या संगीताचे हे लक्षण म्हणता येणार नाही. याच काळात राल्फ व्हॉन विल्यम्स यांची चौथी सिंफनी तयार होत होती आणि ती पुढच्या एप्रिलमध्ये बोल्ट यांनी वाजवली. तिचा कर्कश, संतप्त आवाज ऐकून, खेड्यापाड्यांतली लोकगीते गोळा करणारा हाच तो माणूस का, असा प्रश्न अनेकांना पडला.

व्हॉन विल्यम्स यांचे नाव निघाले म्हणून होल्स्टकडे वळतो. हे दोघे 1895 साली रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये भेटले आणि तेव्हापासून जवळजवळ चाळीस वर्षे आपले कच्चे लिखाण एकमेकांना दाखवत राहिले. ठरवून एक अख्खा दिवस काढायचा, समोरासमोर बसायचे आणि दुसऱ्याच्या रचनेतले दोष निर्दयपणे सांगायचे, अशी त्यांची रीत होती. मे 1934 मध्ये व्हॉन विल्यम्स यांनी हा कान गमावला. त्या वर्षात ज्याला खऱ्या अर्थाने पोरके होणे म्हणावे असे काही घडले असेल तर ते एका माणसाच्या बाबतीत घडले. होल्स्ट यांच्या अस्थी चिचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये, त्यांच्या आवडत्या टॉमस वील्क्स या ट्यूडरकालीन संगीतकाराच्या स्मारकाजवळ ठेवल्या गेल्या.

आपल्या लेखात होल्स्ट यांची ओळख 'द प्लॅनेट्स' या एका रचनेने करून दिली आहे. ती रचना मोठी आहे. पाच मात्रांच्या वजनात तोफगाड्यासारखा अंगावर येणारा तिचा 'मंगळ' हा भाग कोणीही विसरणार नाही. परंतु मराठी वाचकाला होल्स्ट सांगताना त्यांचे संस्कृत गाळावे, हे मला अक्षम्य वाटते. संस्कृत वाङ्मयाची इंग्रजी भाषांतरे वाचून समाधान होईना, तेव्हा या गृहस्थांनी लंडनमध्ये मेबल बोड या विदुषींकडे जाऊन देवनागरी गिरवली, आणि कोश हाताशी घेऊन, शब्दाला शब्द लावत ऋग्वेदातील सूक्तांची गाता येतील अशी इंग्रजी रूपे स्वतः तयार केली. 1908 ते 1912 या काळात त्यांनी ऋग्वेदातील सूक्तांचे चार संच गायकवृंदासाठी रचले. त्यांतील तिसरा संच केवळ स्त्रियांचे आवाज आणि हार्प यांच्यासाठी आहे, आणि त्यात उषा, आप आणि वेन यांची सूक्ते आहेत. शाळेतल्या मुलींना गायला शिकवणाऱ्या माणसाचा हात तेथे जागोजागी जाणवतो. कालिदासाच्या 'मेघदूता'वरही त्यांनी मोठी रचना केली. 1913 साली ती क्वीन्स हॉलमध्ये गायली गेली आणि सपशेल आपटली. रामायणावरचा तीन अंकी 'सीता' हा ऑपेरा तर त्यांनी वर्षानुवर्षे लिहिला आणि तो त्यांच्या हयातीत रंगभूमीवर आलाच नाही.

या सगळ्यांत सर्वांत यशस्वी ठरली ती 1908 ची 'सावित्री'. एकच अंक, अर्ध्या तासाच्या आसपासचा. सावित्री, सत्यवान आणि मृत्यू ही तीनच पात्रे. मोजके बारा वादक आणि प्रेक्षकांना न दिसणारा, शब्दांविना नुसत्या स्वरांत गाणारा स्त्रियांचा वृंद. आरंभी वाद्ये गप्प असतात. पडद्याआडून मृत्यूचा एकट्याचा आवाज येतो. मग सावित्रीचा आवाज त्यात मिसळतो, पण तो वेगळ्याच स्वरसप्तकात, जणू दोघांचे षड्ज जुळलेलेच नाहीत. 1908 साली हे कोणी केले नव्हते असे मी म्हणत नाही. इतक्या थोड्या साधनांनी इतकी भीती इंग्लंडात तरी क्वचितच कोणी उभी केली असेल. आपल्या वटपौर्णिमेच्या कथेत सावित्री एकामागून एक वर मागत सासऱ्याची दृष्टी, राज्य आणि शेवटी शंभर पुत्र मिळवते आणि यमाला शब्दांत पकडते. होल्स्ट यांनी ते बुद्धिचातुर्य जवळजवळ काढून टाकले. त्यांची सावित्री मृत्यूचे अतिथीसारखे स्वागत करते, तो प्रसन्न होऊन वर देतो, पण तो तिने स्वतःपुरता मागायचा असतो. ती जीवन मागते. ते मिळाल्यावर ती सांगते की सत्यवानाशिवाय तिचे जीवन पुरे होऊच शकत नाही, आणि मृत्यूला हार मानावी लागते. जाता जाता तो स्वतःलाही मायेत जमा करून जातो. पुराणिकबुवांना हे रूप पटणार नाही कदाचित. मला स्वतःला शंभर पुत्रांच्या युक्तीपेक्षा ते अधिक भावते.

होल्स्ट यांनी भारतीय रागदारीची नक्कल केली नाही, तबला-तंबोरा आणून बसवला नाही, आणि भारतात पाऊलही ठेवले नाही. याबद्दल त्यांना कमी लेखणारे आपल्याकडे भेटतात. मला मात्र तो त्यांच्या सचोटीचा भाग वाटतो: जे ग्रंथांतून समजले तेवढेच त्यांनी घेतले आणि जे कानांनी नीट ऐकले नव्हते त्याचा आव आणला नाही.

ज्यांनी ते कानांनी ऐकले त्या जॉन फौल्ड्स यांचा आपल्या लेखात उल्लेखही नाही. मॅंचेस्टरच्या या संगीतकाराचे भव्य 'वर्ल्ड रिक्विएम' (मृतांसाठीची प्रार्थना-रचना) 1923 पासून चार वर्षे, पहिले महायुद्ध थांबल्याच्या स्मृतीच्या युद्धविराम दिनी, लंडनमध्ये गायले गेले होते. पुढे दैव फिरले. बीबीसी आपल्या गंभीर रचना वाजवत नाही, हलक्याफुलक्या तेवढ्या वाजवते, अशी त्यांची तक्रार होती, आणि तिच्यात तथ्य होते. आश्रयदाता एकच उरला की त्याने दार लावून घेतल्यावर दुसरे दार ठोठावायला जागा राहत नाही. नव्या व्यवस्थेची ही काळी बाजू त्या वर्षाच्या हिशेबात धरायलाच हवी. 1934 साली फौल्ड्स यांनी 'म्युझिक टुडे' हे आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी ते भारतात आले. येथे त्यांना नोकरी दिली ती रेडिओनेच. दिल्लीच्या ऑल इंडिया रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळत त्यांनी भारतीय वादकांचा वाद्यवृंद बांधला, आणि 1939 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात पटकीने त्यांचा अंत झाला.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध मात्र कटू आहे. बारा ठरावीक सूर बांधून दिलेल्या पेटीत आपल्या श्रुती मावत नाहीत, या भूमिकेतून त्यांनी रेडिओच्या नियतकालिकात हार्मोनियमवर कडाडून टीका केली. रवींद्रनाथांचे मतही तेच होते. फौल्ड्स यांच्या मृत्यूनंतर, 1940 मध्ये, रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली ती 1971 पर्यंत टिकली. ज्या प्रांतात गोविंदराव टेंब्यांसारखे पेटीवादक झाले आणि जेथे नाट्यसंगीत पेटीवाचून उभेच राहत नाही, तेथे या बंदीने काय केले ते वेगळे सांगण्याची गरज नाही. फौल्ड्स यांचा युक्तिवाद संगीतशास्त्राच्या अंगाने खोटा नव्हता. फतवा काढून तो तीस वर्षे राबवणे ही मात्र सरकारी खात्याची करामत.

त्या वर्षी जन्मलेल्यांविषयी दोनच ओळी: 15 जुलैला ॲक्रिंग्टनमध्ये हॅरिसन बर्टविसल आणि 8 सप्टेंबरला सॅल्फर्डमध्ये पीटर मॅक्सवेल डेव्हिस जन्मले. दोघेही लॅंकशरचे आणि दोघेही पुढे मॅंचेस्टरच्या एकाच संगीत महाविद्यालयात शिकलेले. त्यांतले डेव्हिस 2004 मध्ये एल्गार यांच्याच त्या दरबारी पदावर बसले, हे त्यांची तरुणपणीची आडदांड रचना ऐकलेल्या कोणालाही खरे वाटले नसते.

शेवटी एक सूचना, आपल्या पुरवणीसाठी आणि पुण्या-मुंबईतील संगीत संस्थांसाठीही. वटपौर्णिमेच्या सुमारास आपण दरवर्षी वडाच्या फांद्यांच्या बाजारभावावर आणि वृक्षसंवर्धनावर लेख छापता. एखाद्या वर्षी होल्स्ट यांच्या 'सावित्री'वर एक लेख छापावा. आणि मुंबईत वाद्यवृंद आहे, गायकवृंद आहेत, तर तीन गायक आणि बारा वादकांचा हा प्रयोग कोणीतरी मनावर घ्यावा. स्वामित्वहक्काची अडचण येणार नाही, कारण होल्स्ट यांच्या रचनांवरील हक्क भारतात आणि ब्रिटनमध्येही केव्हाच संपले आहेत. खर्च येईल तो सभागृहाचा, तालमींचा आणि वादकांच्या मानधनाचा.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे